भट्टीत शिरणारी फालतू हवा बंद केली, गॅस वाचला, पण नॉक्सचे (नायट्रोजनच्या ऑक्साइडचे) पीपीएम वाढले. मालक म्हणतात परत पूर्वीसारखं करा

भट्टीपाळी_मकरपुरा
नमस्कार मंडळी. मी वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसीत पोर्सिलेनच्या इन्सुलेटरच्या युनिटमध्ये भट्टी सांभाळतो, १४ वर्षं झाली. शटल किल्न आहे, म्हणजे माल रचलेली ट्रॉलीच आत ढकलायची, नैसर्गिक गॅसवर, एका बॅचला साधारण ५ टन माल. गेलं वर्षभर खालच्या थरातला माल कच्चा निघत होता आणि वरचा जास्त भाजून वाकत होता. फुक्सिन टेस्टला (तुकडा गुलाबी रंगात दाबाखाली ठेवतात) खालच्या थरातला एक तुकडा फोडला तर काठापासून आत बोटभर गुलाबी रेघ गेलेली, म्हणजे रंग आत शिरला, म्हणजे मातीतली छिद्रं नीट मिटलीच नाहीत. असा तुकडा विजेच्या खांबावर गेला तर पहिल्या पावसात पाणी धरणार. मला त्या रात्री झोप लागली नाही खरं सांगतो.

मग शोधताना कळलं की ट्रॉलीच्या बाजूचा वाळूचा सील जवळजवळ रिकामा होता. ऑगस्ट २०२४ च्या पुरात शेडमध्ये पाणी आलं होतं तेव्हा त्या पन्हाळीतली वाळू गाळाने दगडासारखी झाली, कुणीतरी खरवडून काढली आणि परत पुरती भरलीच नाही. ट्रॉलीची पट्टी वाळूत बुडायच्या ऐवजी हवेत लटकत होती. आम्ही नवीन चाळलेली वाळू भरली, दाराच्या फटीची रोप (दोरी) बदलली, डँपर (चिमणीकडच्या वाटेची झडप) थोडा दाबला. पहिल्याच बॅचला खालचा कोन (किती आच लागली ते वाकून दाखवणारा मातीचा सुळका) वरच्याइतकाच वाकला आणि गॅस १८५० एससीएम (स्टँडर्ड घनमीटर) लागायचा तो १४४० वर आला.

एवढं सगळं चांगलं झालं आणि चिमणीचं मोजमाप आलं तर नॉक्स आधी ७० पीपीएम होता तो ९० झाला. मालक म्हणतात प्रदूषण वाढलं, जीपीसीबीवाले (गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळ) विचारतील, डँपर परत उघड. मी काय सांगू त्यांना? मनातून वाटतंय की आम्ही चुकीचं केलं नाही पण कागदावर आकडा वाढलाय.

चिमणीवर_चढणारा
दोन्ही वेळचा ऑक्सिजन किती होता चिमणीत? तो आकडा रिपोर्टमध्ये असेलच, नॉक्सच्या वरच्या ओळीत. तो सांगा मग बोलू.

भट्टीपाळी_मकरपुरा
आधी ९ टक्के, आता ५ टक्के. दोन्ही वेळा १२०० अंशाच्या वर सोकिंग (आच एका जागी धरून ठेवणं) चालू असताना मोजलंय, त्याच माणसाने त्याच मशीनने.

चिमणीवर_चढणारा
मग तुमचा नॉक्स वाढलेला नाही दादा. मी हेच काम करतो, रोज एका चिमणीवर चढतो, आणि हा घोळ दर महिन्याला एकदा तरी बघतो.

पीपीएम म्हणजे दहा लाख भाग धुरात किती भाग. आता तुम्ही त्याच धुरात बाहेरची हवा ओतली तर भाग कमी दिसणारच, ताकात पाणी घातल्यावर ताक पातळ होतं तसं, पण ताक होतं तेवढंच राहतं. म्हणून आधी एका ठरलेल्या ऑक्सिजनवर आणायचं आणि मगच दोन आकडे शेजारी ठेवायचे. ३ टक्क्यांवर आणू. हवेत ऑक्सिजन २१ टक्के, २१ मधून ३ गेले १८. तुमचा जुना ऑक्सिजन ९, २१ मधून ९ गेले १२. १८ भागिले १२ म्हणजे दीड, ७० ची दीडपट १०५. आता नवीन, २१ मधून ५ गेले १६, १८ भागिले १६ म्हणजे १.१२५, ९० गुणिले ते म्हणजे १०१. आधी १०५, आता १०१. वाढला कुठे?

आणि हे फक्त दर घनमीटर गॅसमागचं झालं. गॅसच २२ टक्के कमी जळतोय. म्हणजे एका बॅचमागे हवेत जाणारा नॉक्स आधीच्या पाऊणपट राहिला. मालकांना कागदावर हे दोन गुणाकार करून दाखवा आणि सीसीएमध्ये (जीपीसीबीच्या परवानगीच्या कागदात) मर्यादा कुठल्या ऑक्सिजनवर दिलीय तेही बघून ठेवा, नसेल दिलेली तर रिपोर्टमध्ये दोन्ही आकडे लिहून घ्या, मोजलेला आणि दुरुस्त केलेला. युनिटही बघा, काही रिपोर्ट मिलिग्रॅममध्ये असतात, नॉक्सचा १ पीपीएम म्हणजे घनमीटरला साधारण २.०५ मिलिग्रॅम, नायट्रोजन डायऑक्साइड धरून.

सुरसागर_काठ
पण मग नियम जर पीपीएमवरच असेल तर हवा टाकून पातळ करणं सोपं नाही का? खूप जण करतात असं ऐकलंय.

चिमणीवर_चढणारा
करतात, आणि ते चूक आहे. शेजारच्या वस्तीतल्या पोराच्या छातीत जातं ते किलोने जातं, पीपीएमने नाही. मी मोजणारा माणूस आहे, मला रिपोर्टवर सही करायची असते, त्यामुळे ऑक्सिजन १५-१६ दिसला की मी आधी गळती कुठे आहे ते विचारतो.

कलाभवन_जुना
भट्टीपाळी, शाबास रे. मी कलाभवनात शिकलो, सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये काढलेली संस्था ती, आज युनिव्हर्सिटीची टेक्नॉलॉजी फॅकल्टी आहे, आणि पुढे ३० वर्षं भट्ट्याच केल्या. तू वाळू भरलीस ते सगळ्यात मोठं काम केलंस, का ते सांगतो, जरा लांब होईल पण वाच.

गरम धूर हलका असतो. बाहेरची हवा घनमीटरला साधारण सव्वा किलोच्या आत, भट्टीतला १२०० अंशाचा धूर पाव किलोच्या आसपास. या फरकामुळे भट्टीत दर मीटर उंचीला साधारण १ मिलिमीटर वॉटर कॉलमइतका (१ मिलिमीटर पाण्याच्या थराइतका) दाब बदलतो. तुझी भट्टी आतून २ मीटर उंच असेल आणि छताजवळ दाब शून्य, म्हणजे बाहेरच्या हवेइतकाच, असेल तर ट्रॉलीच्या पातळीला तो जवळपास उणे २ झाला. उणे म्हणजे ओढ. जिथे फट असेल तिथून बाहेरची गार हवा आत, आणि फट नेमकी तळाशीच होती, वाळूच्या पन्हाळीत. ती हवा खालच्या थरावरून सरकत गेली आणि त्या मालाला थंड करत राहिली. तुम्ही थर्मोकपल (तापमान मोजणारं) छतात लावलेलं असणार, ते म्हणतं १२५०, खाली मात्र १२५० कधी झालंच नाही. मग माणूस काय करतो, खालचा माल कच्चा म्हणून सोकिंग वाढवतो, गॅस वाढवतो, वरचा माल वाकतो. एकाच फटीची दोन दुखणी.

म्हणून डँपर असा ठेवायचा की दाबाचं शून्य ट्रॉलीच्या डेकच्या पातळीला येईल, किंवा किंचित अधिक, अर्धा मिलिमीटर. जास्त अधिक केलंस तर आच खाली ट्रॉलीच्या चाकांकडे जाईल आणि बेअरिंग जळतील, तेही सांभाळ. तिरका मॅनोमीटर (दाब मोजायची नळी) लाव, महाग नाही.

आता पैशाचं. १००० अंशाचा धूर चिमणीत जात असेल आणि त्यात ऑक्सिजन ३ टक्के असेल तर गॅसमधली निम्मी उष्णता धुराबरोबर गेली, रिक्युपरेटर (धुराच्या उष्णतेने बर्नरची हवा तापवणारं यंत्र) नसेल तर. तोच ऑक्सिजन १० टक्के झाला तर शंभरातले ८० रुपये चिमणीत गेले आणि भट्टीला २० उरले. कारण १ घनमीटर गॅसला साडेनऊ घनमीटर हवा पुरते, १० टक्के ऑक्सिजन म्हणजे तू जवळपास दुप्पट हवा आत घेतलीस आणि तिला फुकट हजार अंशापर्यंत तापवून बाहेर सोडलंस. त्यात चार पंचमांश नायट्रोजन, जो जळत नाही, काही देत नाही.

मातीचे_हात
काका तुम्ही फाईन आर्ट्सला शिकवायला यायला हवं होतं, आमच्याकडे हे असं कुणी सांगितलं नाही, आम्ही डोळ्याने ज्वाळ बघून शिकलो. मी दांडिया बाजारात राहते, स्टुडिओत छोटी गॅसची भट्टी आहे, एलपीजीवर. एक विचारू? मी सुरुवातीपासूनच हवा कमी ठेवली तर गॅस वाचेल ना?

कलाभवन_जुना
नाही ताई, सुरुवातीला नको. ६००-७०० अंशापर्यंत उष्णता मुख्यतः गरम वाऱ्याने पोचते, म्हणजे धूर मालाच्या अंगावरून किती जोराने आणि किती सारखा वाहतो त्यावर. तिथे जास्तीची हवा उपयोगी पडते, ज्वाळेचा चटका सौम्य होतो आणि आच सगळीकडे पोचते. मोठ्या भट्टीत हाय व्हेलॉसिटी बर्नर त्यासाठीच लावतात, तोंडातून सेकंदाला १०० मीटरच्या वर वेगाने धूर सुटतो आणि भट्टीतलं सगळं घुसळून काढतो. शिवाय मातीतला कचरा, बाइंडर, कार्बन जळून जायला ऑक्सिजन लागतो, तो ग्लेझ (वरचा काचेसारखा लेप) मिटायच्या आत गेला नाही तर मालाच्या पोटात काळं राहतं आणि पुढे फुगा येतो. आणि ५७३ अंशाला क्वार्ट्झ एकदम फुगतो, तिथे घाई करायचीच नाही.

७०० च्या वर गेलं की खेळ बदलतो. किरणांनी जाणारी उष्णता तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते, केल्विनमध्ये मोजायचं. ६०० अंश म्हणजे ८७३ केल्विन, १२०० म्हणजे १४७३. तापमान पावणेदोनपटीच्याही आत वाढलं, पण तापलेली भिंत जी उष्णता फेकते ती आठपट झाली. तेव्हा भिंत, छत, बॅट (माल ठेवायच्या फरश्या) सगळे एकमेकांकडे बघत चमकतात आणि जो तुकडा काहीच बघू शकत नाही, दुसऱ्या तुकड्यांच्या मागे दडलेला आहे, तो मागे राहतो. म्हणून रचनेत बर्नरसमोर गल्ली सोडायची. धुरात पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड किरण टाकतात, नायट्रोजन आणि ऑक्सिजन टाकत नाहीत, त्यामुळे फालतू हवा धुराला त्या अर्थानेही पातळ करते.

थोडक्यात ७०० पर्यंत मोकळी हवा, ८००-९०० नंतर हळूहळू आवळत ३ ते ५ टक्क्यांवर आणायची.

मातीचे_हात
कळलं. मी उलटं करत होते, सुरुवातीला आवळायचे आणि शेवटी घाबरून उघडायचे. काळं पोट मलाही येतं, मी मातीला दोष देत होते.

चिमणीवर_चढणारा
ताई तुम्ही रिडक्शन करता का? तांब्याचा लाल, सेलेडॉन वगैरे ग्लेझ?

मातीचे_हात
हो, सेलेडॉन.

चिमणीवर_चढणारा
मग कृपा करून भट्टीच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. रिडक्शन म्हणजे मुद्दाम अपुरी हवा, म्हणजे सीओ बनतोच, त्याला वास नाही रंग नाही, डोकं दुखायला लागतं आणि माणूस उन्हामुळे असेल म्हणून तिथेच बसतो. आणि एलपीजी हवेपेक्षा दीडपट जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो, खिडकी वर आहे म्हणून निर्धास्त राहू नका, झरोका खाली हवा.

भट्टीपाळी तुम्हालाही तेच, ५ वरून आणखी खाली जाताना सीओचा आकडा बघत बघत जा. ऑक्सिजन आवळताना एका जागेपर्यंत सीओ गप्प असतो आणि मग एकदम उसळतो. उसळला की थोडं मागे या, तीच तुमच्या बर्नरची हद्द. प्रत्येक बर्नरची वेगळी असते, एका बर्नरची जाळी तुंबलेली असेल तर बाकी सात चांगले असून आकडा बिघडतो.

सुरसागर_काठ
मला एक कळत नाही, फटीतली हवा बंद केली म्हणून नॉक्स फारसा कमी का नाही झाला? १०५ चा १०१. हवा कमी म्हणजे नॉक्स कमी असं वाचलेलं.

कलाभवन_जुना
चांगला प्रश्न. नॉक्स बनतो ज्वाळेत. नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना फार घट्ट धरून असतात, ते तोडायला साधारण १५०० अंशाच्या वरची आच लागते आणि तिथे मोकळा ऑक्सिजन लागतो. झेल्डोविच नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात हे गणित मांडलं, आजही तेच वापरतात. मिथेनची ज्वाळ कागदावर १९५० अंशापर्यंत जाते. आता भट्टीपाळीच्या फटीतली हवा ज्वाळेतून गेलीच नव्हती, ती खालून सरकून थेट धुरात मिसळली. तिने नॉक्स बनवला नाही आणि कमीही केला नाही, फक्त पातळ दाखवला. ज्वाळेतला नॉक्स कमी करायचा तर बर्नरवर काम करायला लागतं, हवा दोन टप्प्यांत द्यायची किंवा धूर ज्वाळेत परत ओढून घ्यायचा म्हणजे सगळ्यात तापलेला बिंदू थंड होतो.

आणि इथेच एक खरी ओढाताण आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. रिक्युपरेटर लावून बर्नरची हवा ३००-४०० अंशाला तापवली की गॅस चांगला वाचतो पण ज्वाळ आणखी तापते आणि नॉक्स चढतो. दोन्ही साधायचं तर बर्नर तसा घ्यावा लागतो. फट बुजवण्यात मात्र अशी ओढाताण नाही, म्हणून ते आधी.

लहरीपुरा_नातू
गॅस म्हणजे स्वच्छच ना पण? कोळशासारखा काळा धूर नाही, राख नाही. मोरबीला टाइल्सच्या कारखान्यांतले कोळशाचे गॅसिफायर (कोळशापासून गॅस बनवणारी यंत्रं) एनजीटीने (राष्ट्रीय हरित लवाद) मार्च २०१९ मध्ये बंद करायला लावले तेव्हा सगळे नैसर्गिक गॅसवर गेले आणि तिथली हवा, डांबराचं घाण पाणी सगळंच सुधारलं असं तिथले नातेवाईक सांगतात.

चिमणीवर_चढणारा
कोळशाच्या गॅसपेक्षा कितीतरी स्वच्छ, वाद नाही. पण चिमणीतून काही दिसत नाही म्हणजे काही जात नाही असं नाही. इंधन स्वच्छ असलं तरी माती काय सोडते ते राहतंच. मातीत थोडा फ्लोराइड असतो, साधारण ८०० अंशाच्या वर तो सुटायला लागतो आणि धुरातल्या वाफेशी मिळून हायड्रोजन फ्लोराइड होतो. गॅस जळून वाफ भरपूर होते, एका मिथेनमागे दोन पाणी. मातीत पायराइट असेल तर गंधकही सुटतो. भट्टीपाळी, तुमच्या चिमणीच्या जवळ खिडक्या आहेत का काचेच्या? एकदा जाऊन काच बघा.

भट्टीपाळी_मकरपुरा
आत्ता रात्रपाळीला आलोय, जाऊन बघितलं. मागच्या बाजूला चेंजिंग रूमची खिडकी आहे, चिमणीपासून २०-२५ पावलांवर. काच धुरकट आहे, आम्ही सगळे ती मळलेली समजत होतो. ओल्या फडक्याने पुसली, साबणाने धुतली, मग व्हिनेगर लावलं, तरी तशीच. नख फिरवलं तर खरखरीत लागते. आतल्या बाजूने नख फिरवलं तर गुळगुळीत. रस्त्याकडच्या खिडक्या ठीक आहेत, फक्त हीच.

चिमणीवर_चढणारा
ती मळलेली नाही, खाल्लेली आहे. एचएफ, म्हणजे तोच हायड्रोजन फ्लोराइड, काच खातो. तुमच्या पुढच्या मोजमापात फ्लोराइड स्वतंत्र मागा, साध्या हातातल्या मशीनमध्ये तो दिसत नाही, धूर द्रावणातून ओढून घ्यावा लागतो. झाडं असतील तर पानांची टोकं करपलेली दिसतील.

कलाभवन_जुना
उपाय आहे त्याला, फार जुना आहे. धूर चुनखडीच्या खडीच्या थरातून न्यायचा, एचएफ कॅल्शियमशी मिळून कॅल्शियम फ्लोराइड होतो आणि खडीवरच बसतो. खडी वरून घालायची, खालून काढायची, वरचा पापुद्रा चाळून टाकायचा. पाणी नाही, पंप नाही. पण धुराचं आकारमान जेवढं मोठं तेवढी ती पेटी मोठी लागते, आणि बघ इथे तुझी वाळू परत कामाला आली. ९ टक्क्यांवरून ५ वर आलास म्हणजे दर घनमीटर गॅसमागे धूर १६ भागांवरून १२ भागांवर आला, वर गॅसही कमी, म्हणजे आधीच्या साधारण ५८ टक्केच धूर साफ करायचा राहिला. पेटी जवळपास निम्म्या आकाराची चालेल.

भट्टीपाळी_मकरपुरा
मंडळी, दोन आठवड्यांनी लिहितोय, चार बॅच झाल्या.

चिमणीवालेदादांचे दोन्ही गुणाकार मी वहीच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून मालकांच्या टेबलावर ठेवले आणि शेजारी गॅसची दोन बिलं. त्यांनी बराच वेळ बघितलं, मग कॅल्क्युलेटरवर स्वतः करून बघितलं, आणि म्हणाले डँपर आहे तिथेच ठेव. एका बॅचला ४१० एससीएम गॅस वाचतोय, म्हणजे साधारण ८०० किलो कार्बन डायऑक्साइड कमी, हेही त्यांना सांगितलं. मग मी त्यांना हात धरून चेंजिंग रूमच्या खिडकीपाशी नेलं आणि काचेवर नख फिरवायला लावलं. ते काही बोलले नाहीत पण दुसऱ्या दिवशी फ्लोराइडच्या मोजमापाची ऑर्डर निघाली. आमची सहा माणसं त्या खोलीत रोज कपडे बदलतात, डबा खातात. तोवर त्यांची बसायची जागा मी पुढच्या शेडमध्ये हलवली आहे.

ऑक्सिजन आता ४ वर चालवतोय. ३.५ ला सीओ उसळला, तेव्हा तिसऱ्या बर्नरची हवेची जाळी तुंबलेली सापडली, काढून साफ केली. खालच्या थरातले सहा तुकडे फोडले, फुक्सिन कुठेही आत गेलेलं नाही.

काका, एक राहिलंच. वाळू कुठली भरायची? आम्ही बांधकामाची चाळून भरली आहे पण ट्रॉली आत-बाहेर करताना ती उडून खाली बसते असं दिसतंय.

कलाभवन_जुना
फार बारीक चाळली असशील म्हणून. धूळ काढून टाक, एक ते दोन मिलिमीटरचा दाणा ठेव, आणि ती पूर्ण कोरडी हवी, नाहीतर परत दगड होईल. पट्टी निदान चार बोटं बुडाली पाहिजे. दर बॅचला ट्रॉली आत गेल्यावर दार लावायच्या आधी टॉर्च घेऊन दोन्ही बाजूंनी वाकून बघायचं, आणि ते काम पाळीच्या वहीत सहीसकट लिहायचं. रविवारी मी मांडवीपर्यंत येणार आहे, तुझी हरकत नसेल तर तिथून तुझ्याकडे येतो, मॅनोमीटर माझ्याकडे एक जुना पडलाय तो घेऊन येईन.

भट्टीपाळी_मकरपुरा
या काका, नक्की या. बॅच शनिवारी रात्री लावतो म्हणजे तुम्ही याल तेव्हा हजाराच्या वर असेल.

मातीचे_हात
मी पण येऊ का बघायला?

भट्टीपाळी_मकरपुरा
या ताई. बंद बूट घालून या आणि सुती कपडे.